मधला गंधार

इंदुरातल्या कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळच्या त्या ग्रामोफोनच्या दुकानात आपण पावसामुळे शिरलो, असं कुमुदिनी पुढे सगळ्यांना सांगत असे. खरं तर श्रावणातली ती नुसती भुरभुर होती, आणि छत्री तिच्या हातातच होती! पण दुकानातून एका बाईचा आवाज येत होता. भाषा इंग्रजी, साथीला एकटी गिटार... आणि गाता गाता एका जागी तो आवाज मधोमध फुटत होता. कुमुदिनी फूटपाथवर थबकली. तो आवाज पुन्हा त्याच जागी फुटला, तेव्हा तिचे पाय आपोआप पायरी चढले.

आत बाह्या दुमडलेला एक तरुण ग्रामोफोनवर वाकला होता. समोर सुयांचा ढीग. त्याने सुई काढली, नवी बसवली, तबकडी पहिल्यापासून लावली. ती जागा आली, आवाज फुटला, आणि तो कपाळाला हात लावून पुन्हा सुई काढू लागला.

“उगाच सुया वाया घालवू नका,” ती न राहवून म्हणाली. “सुई चांगली आहे.”

त्याने मान वर केली. कपाळावर केस, नाकावर तेलाचा डाग. “बाईसाहेब, सकाळपासून सात सुया बदलून राहिलोय मी. इथे आली की फाटतेच!”

“सुई नाही फाटत. बाई फाटते.”

“अरे वा! ते कसं?”

“तबकडीला चरा असता तर दर फेरीला टक् झालं असतं. सुई बोथट असती तर सगळंच गाणं खरखरलं असतं. हिचा आवाज एकाच सुरावर फुटतोय. दर कडव्यात, त्याच सुरावर. ती गातेच तशी.”

“पैज?”

“पैज.”

त्याने तीच सुई ठेवून सनईची तबकडी लावली. सनई पाण्यासारखी स्वच्छ वाजली. तो एवढा खूश झाला की पैज जिंकल्यासारखा हसला. “हरलो! एक कचोरी पक्की. मी अच्युत. दुकान मामांचं, मी महूचा. नव्या रेडिओ स्टेशनात टेक्निशियन आहे, सुटीच्या दिवशी इथे बसतो. आणि आजवर मला कुणी मशीनबद्दल शिकवलं नव्हतं.”

“मी मशीनबद्दल नाही शिकवलं,” ती म्हणाली. “गळ्याबद्दल सांगितलं.”

ही तबकडी त्याला महूच्या छावणीत मिळाली होती. एक साहेब विलायतेला निघाला, जाताना त्याने ट्रंक विकली. त्यातली ही तबकडी लढाईच्या दिवसांत कुणी अमेरिकन शिपाई त्याच्याकडे ठेवून गेला होता म्हणे. लेबल उडालेलं, गाणारीचं नाव गेलेलं. एकच शब्द वाचता येत होता... ब्लूज.

“साहेब सांगत होता, तिकडच्या काळ्या लोकांची गाणी आहेत ही,” अच्युत म्हणाला. “दुसऱ्याच्या कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची. ऐका ना... म्हणते, गाडी गेली. पुन्हा म्हणते, गाडी गेली. मग म्हणते, तिकीट माझ्या हातातच राहिलं.”

कुमुदिनीने डोळे मिटले. “हा गंधार बघा. कोमल नाही, शुद्धही नाही. दोघांच्या मधेच कुठेतरी उभी राहते ही. आमच्या कृष्णराव मास्तरांनी मला शिकवणीतून हाकललं असतं.”

“म्हणजे तुम्ही गाता?”

ती घसा साफ करून म्हणाली, “गात होते.”

आणि छत्री न उघडताच बाहेर पडली.

त्या ‘होते’ला दोन वर्षं झाली होती. टायफॉइडमधून कुमुदिनी उठली, पण गळा पुरता उठला नाही. मधल्या सप्तकात, नेमका गंधारावर, तो चिरकायचा. बोलतानाही कधी शब्द फुटे, आणि मग ती पटकन खाकरून घेई, जणू चूक घशाची होती, तिची नव्हती. मास्तरांनी तिला मैफलींना नेणं हळूच बंद केलं. पण लागलं ते वडिलांचं बोलणं. हे वडील, दौलतराव, होळकर संस्थानाच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, बँड मोडला, तरी दर दसऱ्याला ते गणवेशाची बटणं घासून लखलखीत करत. त्या कडक माणसाने एवढंच म्हटलं होतं, “तडा गेलेला बिगुल परेडला नेत नाहीत, कुमुद.” वाईट बोलायचं म्हणून नाही, खरं बोलायचं म्हणून. खरं असलं की जास्त लागतं.

पुढच्या रविवारी दौलतरावांच्या ग्रामोफोनच्या सुया संपल्या. त्यापुढच्या रविवारीही संपल्या. घरात इतका ग्रामोफोन कोण वाजवतं, हे दौलतरावांना कळेना. कचोरी मात्र कुमुदिनी घेत नसे. “पैजेची आहे, घाई काय?” म्हणायची. कचोरी खाल्ली तर पैज संपेल, हे दोघांनाही कळत होतं.

तिसऱ्या रविवारी तबकडी वाजत असताना तिने नकळत सूर लावला. हळूच, ओठांतल्या ओठांत. आणि गंधारावर तो चिरकला. ती लगेच खाकरली.

“पुन्हा,” अच्युत म्हणाला.

“काय पुन्हा?”

“ती जागा. पुन्हा म्हणा ना...”

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. “दया नको मला. तसल्या लोकांची कमी नाही इंदुरात.”

“दया?” अच्युतने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “बाईसाहेब, मी मेकॅनिक माणूस. बिघाड मला लांबून कळतो. हा बिघाड नाहीये.”

“त्या बाईच्या गळ्याला सात सुया लावल्या होत्या तुम्ही.”

“लावल्या. म्हणून तर दुसऱ्यांदा चुकणार नाही.”

त्याने हे हसत म्हटलं, पण नजर हसत नव्हती. ती सरळ तिच्याकडे होती... आणि कुमुदिनीला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याकडे कुणी गळ्याच्या पलीकडे बघतंय, आणि गळाही वगळत नाहीये. मग त्याने खणातून एक कागद काढला. रेडिओ स्टेशनच्या आवाज-चाचणीचा अर्ज. तिने पर्स उघडून तसाच, घडी पडलेला, अर्धवट भरलेला अर्ज समोर ठेवला. महिनाभर तो तिच्याजवळच होता.

“भरून राहिले होते,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

दौलतरावांनी परवानगी दिली, पण अट घालून. “भावगीत म्हण. मी स्वतः चाल तपासतो. तो सूर ज्यात नाही, असंच निवड.” गंधार टाळून जाणारं एक गोड गाणं त्यांनी शोधून काढलंही. कुमुदिनीने ते पाठ केलं. कुठेही चूक नव्हती, आणि कुठेही ती नव्हती.

त्या संध्याकाळी भानुमती आत्या ओसरीवर गोधडी शिवत होती. दौलतरावांची ही धाकटी बहीण. तिचा नवरा लढाईत महूहून गाडीत बसला तो परत आलाच नाही. त्याच्या खाकी घोंगडीचा तुकडा ती दर गोधडीत घाली. टाका घालता घालता ती गुणगुणत होती, आणि कुमुदिनीने बारा वर्षांत पहिल्यांदा ते नीट ऐकलं.

“गाडी गेली महूवरून, धूर राहिला रुळांवरी...
गाडी गेली महूवरून, धूर राहिला रुळांवरी...
धुराला मी काय विचारू, तो तरी कुठं थांबतो घरी.”

कुमुदिनीच्या अंगावर काटा आला. ओळ दोनदा, तिसरी एकदा. आणि ‘धूर’वर आत्याचा गंधार, ना कोमल, ना शुद्ध!

“आत्या, पहिली ओळ दोनदा का म्हणतेस गं?”

“मग? तिसरी सुचेपर्यंत तोंडात सुई धरून बसू?” आत्याने दोरा तोडला. थोडं थांबून म्हणाली, “पहिल्यांदा म्हटलं की लोकांना कळतं. मला दुसऱ्यांदा म्हणताना कळतं, की हो, खरंच गेली गाडी.”

“हे मी रेडिओवर म्हणू?”

आत्याचा हात थांबला. “नाही.”

“पण आत्या...”

“गेला तो माझा माणूस. त्याच्यासाठी तू कशाला रडतेस? उसनं दुःख घेऊन गाशील तर गोड होईल, खरं होणार नाही. चाल घे. चाल आपल्या फौजेच्या घरांतली आहे, तुझीही आहे. शब्द मात्र तुझे घाल. नसतील तर दादाचं भावगीत म्हण नि घरी ये, बस.”

“माझ्याजवळ काय आहे सांगण्यासारखं?”

आत्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टाके घालू लागली.

चाचणीच्या दिवशी दौलतराव काळा कोट घालून आले. बाहेरच्या खोलीत बाकावर ताठ बसले. आत मऊ भिंतींच्या खोलीत एकटी कुमुदिनी, समोर मायक्रोफोन, आणि काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला अच्युत. परीक्षक दुसऱ्या खोलीत होते, त्यांचा नुसता आवाज येत होता. अच्युतने बोटाने खूण केली. तिने भावगीत म्हटलं. एकही सूर ढळला नाही.

“ठीक आहे,” परीक्षकांचा आवाज आला. “धन्यवाद.”

ठीक आहे! त्या दोन शब्दांत तिला स्वतःची पुढची सगळी वर्षं दिसली. ठीक गाणारी, सूर चुकवत चालणारी, सारखी खाकरणारी. छे... तिला एकदम रागच आला. गळ्याचा नाही, या चोरून जगण्याचा.

“अजून एक म्हणू?” तिने विचारलं.

“कोणत्या प्रकारचं?”

“घरचं.”

काचेपलीकडे अच्युत सरळ बसला. क्षणभर त्याचा हात एका बटणाकडे गेला. कुमुदिनीने डोळे मिटले नाहीत. फौजेतल्या बायकांची चाल धरली आणि आत्याच्या त्या संध्याकाळपासून रात्रंदिवस मनात घोळलेले शब्द सोडले.

“ताप आला नि गळ्यातला अर्धा सूर घेऊन गेला...”

‘सूर’वर आवाज चिरकला. तिने तो सावरला नाही. तीच ओळ पुन्हा घेतली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिला कळलं, की हो, खरंच गेला. दोन वर्षं ज्यासाठी रडायचं राहिलं होतं तो गेला. आणि मग तिसरी ओळ तिच्या तोंडून अशी निघाली की मायक्रोफोनने दचकावं...

“उरला तो तर माझाच आहे, कुणाच्या बापाचा काय गेला!”

मग परीक्षकांचा आवाज आला. या वेळी तो कागदावरून वाचल्यासारखा नव्हता. “हे गाणं कुणाचं, बाई?”

“माझं,” कुमुदिनी म्हणाली.

“बुधवारी रेकॉर्डिंगला या. पहिलं नको. हे आणा. आणि असली आणखी असतील तर तीही आणा.”

ती बाहेर आली तेव्हा दौलतराव उभे होते. बाकाच्या वर भिंतीला एक लाऊडस्पीकर होता, आणि त्यांचा चेहरा पाहून तिच्या लक्षात आलं की त्यांनी सगळं ऐकलंय. ‘बापाचा’सकट!

“बापाचं काही गेलं नाही,” दौलतराव म्हणाले. त्यांनी कोटाचं वरचं बटण उगाच चाचपलं. “बिगुलाचं मी अर्धंच सांगितलं होतं तुला. परेडला नेत नाहीत, ते खरं. पण लढाई पाहून आलेल्या बिगुलाला पोचे असतातच. तो बँडरूममध्ये सगळ्यांत वर टांगतात. येणारा जाणारा त्याला सलाम करतो. हे सांगायचं राहून गेलं माझं.”

एवढं बोलून त्यांनी घाईघाईने छत्री उघडली, खोलीतच. “टांगा बघतो,” म्हणाले आणि भुरभुर पावसात गेले. चाल मात्र अशी होती की पुढे बँड वाजत असावा. कुमुदिनीला त्या क्षणी आपल्या बापाचा, आपल्या आत्याचा आणि आपल्या फुटक्या गळ्याचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मागे दार वाजलं. अच्युत. गळ्यात हेडफोन तसाच, वायर लोंबत.

“इथला स्पीकर कुणी लावला?” तिने न वळता विचारलं.

“सुई चांगली होती,” तो म्हणाला. “मी फक्त भोंगा त्यांच्याकडे वळवला. रागावलात?”

“घरी जाऊन ठरवीन.”

तो पुढे आला. तोंड उघडलं, मिटलं. सात सुया बदलणारा माणूस एका वाक्याला एवढा अडखळेल असं तिला वाटलं नव्हतं.

“तुम्ही मला आवडता,” तो म्हणाला. आणि लगेच पुन्हा म्हणाला, “तुम्ही... मला आवडता.”

“दोनदा का?”

“एकदा तुम्हाला कळावं म्हणून. एकदा मला.” त्याने वायर बोटाभोवती गुंडाळली. “तिसरी ओळ माझी नाही, कुमुदिनीजी. ती तुमची आहे. नसेल म्हणायची, तरी चालेल...”

बाहेर टांग्याची घंटा वाजली. दौलतराव पायरीशी येऊन थांबले होते. आत येत नव्हते, आणि छत्रीआडून मुळीच बघत नव्हते, असं ते दाखवत होते.

“रविवारी घरी या,” ती म्हणाली. “कचोरी घेऊन. चार माणसांना पुरेल एवढी.”

“चार?”

“बाबा, आत्या, तुम्ही आणि मी. मोजता येत नाही का?” ती पायरीपर्यंत गेली, थांबली, आणि बाबांना सहज ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वळून म्हणाली, “तुम्हीही मला आवडता!”

‘आवडता’वर आवाज मधोमध फुटला. या वेळी ती खाकरली नाही.