जेवायला कोण आहे?

एकट्या माणसाला घास उतरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणूनच ऑफिसच्या कामात त्यानं जेवणाचा चष्मा करायला घेतला. दोन घरांत दोघांनी चष्मे घालायचे, की समोरच्या रिकाम्या खुर्चीत आपलं माणूस बसलेलं दिसे. टेबलावरचा कॅमेरा भिंती, पडदे, भांडी सगळं गाळी आणि माणूस तेवढा उचलून पलीकडे पाठवी. माणूस कुठला आणि वस्तू कुठली, हे त्यानंच वर्षभर खपून त्याला शिकवलं होतं.

चाचणीसाठी एक जोड त्यानं दूर परदेशी राहणाऱ्या ताईला पाठवला. तो घरूनच काम करी, त्यामुळे रोज त्याच्याकडच्या दुपारी एक वाजता बहीणभाऊ समोरासमोर जेवू लागले.

"किती वाळलायस रे!" ताई पहिल्याच दिवशी बरसली.

आठवडा झाला असेल. बोलता बोलता ताई थबकली आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"लबाडा! सांगायचंस की! कोण ही?"

"कोण?"

"तुझ्या शेजारी बसलीये ती. निळ्या स्वेटरातली. बाई, किती लाजते... मानच वर करत नाही."

त्यानं शेजारी पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर निळा टॉवेल वाळत होता. कॅमेरा टॉवेलला माणूस समजतोय, असं तो सांगणार होता. पण ताईचे डोळे भरून आले होते.

"आई गेल्यापासून तुझाच घोर होता रे मला. आता सुटले."

"ऑफिसातली आहे," तो म्हणून गेला.

जेवण झाल्यावर त्यानं टॉवेल काढला, खुर्चीही उचलून बाल्कनीत ठेवली. झालं, चूक मिटली.

दुसऱ्या दिवशी ताई चष्मा घालते न घालते तोच म्हणाली, "अरे, उभी काय ठेवलीयस तिला?"

त्यानं शेजारी पाहिलं; तिथे ना खुर्ची होती, ना टॉवेल.

"ताई... आत्ता ती कुठे बघतेय?"

"तुझ्याकडे. केव्हाची."

त्या दिवशी त्यानं खुर्ची परत आत आणून ठेवली. "बस," तो हवेतच पुटपुटला. आणि का कोण जाणे, कित्येक महिन्यांनी तो पोटभर जेवला.

पुढच्या सोमवारी त्याला ऑफिसात जावं लागलं. 'आज जेवायला नाही,' असं त्यानं ताईला कळवलं होतं. दोनच्या सुमारास तिचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"तू नव्हतास तरी आम्ही दोघी मस्त जेवलो बरं का! आज बोलली माझ्याशी. गुणी आहे रे."

"बोलली...? काय बोलली?"

"तुझ्याबद्दलच. झोपेत रडतोस म्हणे. मग ती उठते, तुझ्या अंगावर पांघरूण घालते, तू शांत होईपर्यंत उशाशी बसून राहते..." ताईचा आवाज ओला झाला. "मला कधी सांगितलं नाहीस ते."

काहीबाही बोलून त्यानं फोन ठेवला आणि तडक घर गाठलं. जिना चढून दारापाशी आला, किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, पण दार हलेना.

आतून कडी होती.

जिन्यात चिटपाखरू नव्हतं. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. मग हळूच, परक्या घरी आल्यासारखं, त्यानं आपल्याच दारावर टकटक केलं.