ओली भिंत

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये. ही गोष्ट लख्ख दुपारची आहे. आणि शंभर टक्के खरी, आमच्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेली.

मामा-मामी जोडीनं रंगकाम करायचे. त्यांची खासियत म्हणजे मखमलीसारखी दिसणारी भिंत. आधी फिकट रंगाचा हात द्यायचा आणि तो पुरता वाळू द्यायचा. मग मामा त्यावर गडद, पातळ रंग लावत पुढे जायचा आणि मामी मागून चुरगळलेल्या कापडाचा बोळा थपथपत यायची. बोळा उचलला, की खालचा फिकट रंग मधूनमधून डोकावायचा.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही. रंग ओला आहे तोवर बोळा फिरलाच पाहिजे. मध्येच थांबलं की सांधा दिसतो आणि अख्खी भिंत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. म्हणून काम करताना मामा कधी मागे बघत नसे. कान मात्र मागे असायचे.

थप... थप... थप...

त्या दिवशी एका नव्या बंगल्यात वरच्या मजल्यावर काम होतं. घरात दोघंच. जिन्याला अजून कठडा बसायचा होता. मामीची टकळी नेहमीसारखी चालू होती.

मध्येच ती म्हणाली, "अहो, बोळा भरला रंगानं. खालून कोरडं कापड घेऊन येते. थांबा जरा."

"लवकर ये गं. वाळतोय रंग."

ती गेली. मामानं ब्रश खाली घेतला...

आणि लगेच मागून आवाज आला.

थप... थप...

"आलीस पण? उडत गेलीस की काय?"

"हं."

आवाज मामीचाच होता. मामानं पुन्हा ब्रश चालवला.

त्यानंतर मामी अवाक्षर बोलली नाही. ना शेजारणीबद्दल, ना सुनेबद्दल. "आज देव पावला म्हणायचा!" मामानं चेष्टा केली. एरवी मामीनं त्याला चांगला झाडला असता.

मागून फक्त... थप... थप...

रंगाच्या वासानं मामीला सारखा खोकला यायचा. तोही थांबला होता.

मामाला वळून बघावंसं वाटलं. पण भिंत संपत आली होती. एवढं उरकू आणि मग बघू, असं म्हणत त्यानं शेवटचा पट्टा ओढला.

थप... थप...

थप...

मग तो वळला.

खोलीत कोणी नव्हतं.

भिंत मात्र पूर्ण झाली होती. कुठेही सांधा नाही. मामीनं जाताना ठेवलेला बोळा तिथेच कोपऱ्यात पडला होता. वाळून कडक झालेला.

मामा हाका मारत जिन्याकडे धावला.

मामी खाली पायऱ्यांशी पडली होती. डोक्याला जबर मार. हातात कोरडं कापड. अंग अजून कोमट होतं, पण श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या."

काही दिवसांनी समोरच्या इमारतीचा वॉचमन घरी आला. बोलायला कचरत होता.

"दादा, ताई बराच वेळ हाका मारत होत्या. 'अहो... अहो...' मी उठलोसुद्धा होतो. पण..."

"पण काय?"

"वरून तुम्ही म्हणत होतात ना, 'आलो, आलो'. प्रत्येक हाकेला. म्हटलं, नवरा आहे घरात. म्हणून परत बसलो."

मामाला एकही हाक ऐकू आली नव्हती. आणि 'आलो' असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

बंगल्याचा मालक पाहुण्यांना ती भिंत आजही कौतुकानं दाखवतो. ते काय होतं, कोण होतं, आम्हाला ठाऊक नाही. मामा त्याबद्दल बोलत नाही. एकदाच बोलला, माझ्या आईजवळ.

"अगं, तिला शेवटपर्यंत वाटत असेल, की मी येतोय..."