पाचवा ठोका

अकोल्याहून अमरावतीला जायला असा कितीसा वेळ लागतो? एसटीत बसलं, मूर्तिजापूरला चहा घेतला, एक डुलकी काढली की बडनेरा आलंच. पण शालिकराम वानखडे यांना वलगाव रोडवरच्या एका गल्लीत शिरायला सत्तावन्न वर्षं लागली. अमरावतीला ते शंभरदा गेले असतील. लग्नांना गेले, साक्षगंधांना गेले, कृषी विद्यापीठाच्या नोकरीत होते तेव्हा कामानं गेले. त्या गल्लीचं तोंड दिसलं की मात्र ऑटोवाल्याला म्हणायचे, "सरळ घे बाबू, सरळ."

मग यंदा एप्रिलमध्ये नसीमबानोचा फोन आला.

"शालिकभाऊ, मी जहीरची बहीण बोलून राहिली, नसीम. गॅरेज पाडतेत आता. दुकानं होणार तिथी. भाईजानचं सामान तसंच पडलं हाय. येऊन बघता का? नाहीतर भंगारवाला घेऊन जाईन."

शालिकराम बराच वेळ फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडून तिनं फोन ठेवला तरी उभेच. दुर्गाबाईंनी हाताला धरून खुर्चीत बसवलं, तेव्हा बसले.

तसं उभं राहणं घरात नवीन नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला होता. हात थरथरायचे त्याचं काही नाही, पण चालता चालता पाय एकदम जमिनीला चिकटायचे. दारात, उंबऱ्याशी, बाथरूमच्या तोंडाशी. डोकं म्हणायचं चल, पाय म्हणायचे नाही. डॉक्टरांनी उपाय सांगितला होता की मनात ठेका धरा, एक-दोन-तीन-चार म्हणा, चारला पाय उचलेल. पुष्कळांचा उचलतो. शालिकरामांचा उचलत नसे. डॉक्टरांना नवल वाटलं, शालिकरामांना वाटलं नाही. चारावर ते जन्मात कधी सुरू झाले नव्हते. त्यांना पाचवा ठोका लागायचा, आणि तो स्वतः मोजून चालत नाही, दुसऱ्या कुणीतरी वाजवावा लागतो.

"मी येते संगं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमाले एकट्याले सोडलं तं रस्त्यात खांब होऊन उभे राहाल. लोकं तुमाले जाहिराती चिकटवतीन."

आता तो पाचवा ठोका काय, ते सांगायला हवं.

सदुसष्ट साली शालिक सोळा वर्षांचा होता. जहीर त्याच्याच वर्गात. जहीरच्या अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि संध्याकाळी गाड्या गेल्या की तिथं चार पोरं जमायची. शालिककडे एक जुनी गिटार होती, सहापैकी चारच तारांची. खुशाल नावाचा पोरगा पेटी वाजवायचा. शेषराव गायचा, म्हणजे त्याला तसं वाटायचं. आणि जहीर ड्रम वाजवायचा. ड्रम कसला, तेलाचं पिंप! एका तोंडाला बकऱ्याचं कातडं ताणलेलं, बाजूला ट्रकच्या चाकाची पत्र्याची टोपी झांज म्हणून टांगलेली. बाभळीच्या दोन काड्या त्यानं सुताराकडून घासून आणल्या होत्या. पिंपावर बँडपार्टीचं नाव हवं म्हणून गॅरेजमधल्या पेंटरला सांगितलं, तर त्याला सवयीनं एकच गोष्ट लिहिता यायची. दुसऱ्या दिवशी पिंपावर झोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं, 'हॉर्न प्लीज'. तेच पार्टीचं नाव पडलं.

रेडिओ सिलोनवर ऐकलेल्या परदेशी चाली हे चौघं कानानं उचलायचे. त्या वर्षी गावात ट्विस्टचं खूळ आलं होतं, आणि शाळेच्या गॅदरिंगला ट्विस्ट ठेवायचा म्हणून पोरांनी हेडमास्तरांचा जीव खाल्ला. शेवटी ते तयार झाले, एका अटीवर. मुलामुलींच्या मधे दोर राहील आणि स्टेजवर फक्त मुलंच नाचतील. मग दोन मुलं साड्या नेसली, दोन बापाच्या पँटी घालून आली.

पडदा उघडला. हजार डोकी दिसली आणि शालिकचे हात गिटारवर गोठले. जहीरनं काड्यांवर काड्या मारून इशारा दिला, टक, टक, टक, टक. खुशाल तयार, शेषराव तयार. शालिक मात्र दगड झाला होता. लोक हसायला लागणार तेवढ्यात जहीरनं शांतपणे, मुद्दाम ठेवल्यासारखा, आणखी एक ठोका मारला. टक. आणि शालिकचा हात सुटला. कसा, ते त्यालाही कळलं नाही. दोराच्या पलीकडे मुली बाकांखाली पाय आपटू लागल्या. मागे बसलेल्या मास्तरांचेही गुडघे हलत होते म्हणतात.

त्यानंतर जहीर नेहमीच पाच ठोके द्यायचा. संगीताच्या बाई वैतागायच्या. खुशाल चिडवायचा, "अबे, उद्या आणखी एखादा घाबरट पार्टीत आला तं मग?"

"तं मग सहावा मारीन," जहीर म्हणायचा. "कोनाले मागं ठेवून गानं सुरू करू का बे?"

गॅदरिंग झालं आणि दोन महिन्यांत जहीर काविळीनं गेला. शालिक तेव्हा मामाकडे चांदूर बाजारला होता. आठ दिवसांनी परतला, बातमी कळली, तसाच धावत निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. समोर गॅरेज दिसत होतं. पाय उचलेनात. आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे पाय जमिनीला चिकटले. कंपवात आला तो फार पुढं. जहीरच्या आईला भेटायचं राहिलं. "तुझ्यामुळे माझा हात सुटला" हे सांगायचं तर राहूनच गेलं.

यंदाच्या त्या एप्रिलात एका दुपारी बाराला शालिकराम आणि दुर्गाबाई नसीमबानोच्या दारात उतरले. ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी खोल खड्डा खणून ठेवला होता, पण मजूरही उन्हाला भिऊन कुठंतरी सावलीत गेले होते.

सत्तरीची नसीमबानो दारात उभी होती. "या भाऊ. अम्मी तुमची लय आठवन काढे. म्हने, शालिक येईन एक दिवस, त्याले थोडा वेळ लागते."

हे ऐकलं आणि शालिकरामांनी हात जोडले.

ओसरीत गॅरेजच्या भिंतीला लागून बाज टाकलेली होती. दुर्गाबाई भिंतीला पाठ टेकून तिच्यावर बसल्या. नसीमबानो टरबूज कापायला आत गेली. "तुमी बघून घ्या भाऊ, दार उघडंच हाय," ती आतून म्हणाली.

शालिकराम काठी टेकत गॅरेजमध्ये गेले.

आत अंधार होता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर तो जास्तच काळा वाटला. जुन्या ग्रीसचा आणि उंदरांचा वास भरला होता. वर टिनं तापून कटकट करत होती. हळूहळू डोळे सरावले आणि कोपऱ्यात पिंप दिसलं. गंजून पापुद्रे निघाले होते. कातडं केव्हाच नाहीसं झालेलं, नुसतं कडं उरलं होतं. अक्षरं अजून वाचता येत होती, 'हॉर्न प्ली'. खिळ्याला चाकाची टोपी लटकत होती.

शालिकराम जवळ गेले. टोपी खिळ्यावरून काढून छातीशी धरली. वाटेत एसटीत सगळं बोलणं जुळवलं होतं त्यांनी, पण आता आठवेना.

"जहीर..." ते म्हणाले. "अबे, मी आलो."

आणि तेव्हा दुसरा वास आला. चमेलीच्या तेलाचा. जहीर केसांना चोपडायचा, त्याच तेलाचा. ताजा, आत्ता कुणी डोक्याला लावून आल्यासारखा.

शालिकरामांनी मागे वळायचं ठरवलं. पाय वळले नाहीत. काठी हातातून सुटून पडली. भिंतीतून बारीक माती झरू लागली, सर्र... सर्र... थांबून पुन्हा सर्र. एक-दोन-तीन-चार, त्यांनी मनात म्हटलं. काही नाही. पुन्हा म्हटलं. हाक मारावी तर घशातून आवाज निघेना. दार दहा पावलांवर होतं, उन्हानं पांढरं झालेलं, आणि ते तिथंच उभे होते, छातीशी पत्र्याची टोपी घेऊन.

टक.

टिन तापलं असेल, त्यांना वाटलं.

टक. टक. टक.

टिन काही ठेक्यात वाजत नाही. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढी विश्रांती... आणि मग मागून, अगदी कानाजवळ, मुद्दाम ठेवल्यासारखा एक.

टक.

उजवा पाय उचलला. मग डावा. त्र्याहत्तर वर्षांचे शालिकराम काठीशिवाय सरळ चालत दहा पावलं गेले, दाराबाहेर, उन्हात, अंगणाच्या मध्यापर्यंत. तिथं पोचले आणि पाठीमागे मोठा धाडकन आवाज झाला. बघतात तो गॅरेज नव्हतंच. शेजारच्या खड्ड्यानं पाया ढिला झालेली भिंत बसली होती आणि वरची टिनं तिच्यावर येऊन पडली होती. निम्मी भिंत ओसरीवर कोसळली होती. बाजेचा एक पाय तेवढा विटांतून वर आलेला दिसत होता.

"दुर्गे!"

दुर्गाबाई अंगणाच्या कडेच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. अंगाला धूळ लागलेली, पण धडधाकट. नसीमबानो हातातली सुरी तशीच घेऊन धावत आली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली. गल्लीतले लोक जमले. बाई वेळेवर उठल्या म्हणून वाचल्या, जो तो म्हणू लागला. "उठल्या काहून पन तुमी?" कुणीतरी विचारलं. "असंच," दुर्गाबाई म्हणाल्या.

सगळे पांगल्यावर शालिकरामांनी नसीमबानोला हळूच विचारलं, "जहीरच्या त्या काड्या... बाभळीच्या... कुठी हायेत?"

"त्या कुठच्या भाऊ? भाईजान गेला त्याच दिवशी अब्बानं चुलीत घातल्या."

शालिकराम ढिगाऱ्यापाशी गेले. भीती वाटायला हवी होती, पण त्या माणसाच्या मनात त्या वेळी कृतज्ञतेशिवाय दुसरं काही मावत नव्हतं. "लेका," ते म्हणाले, "सत्तावन्न वर्षं झाली, मले सांगताच नाही आलं. तुह्यामुळं माहा हात सुटला. आज पाय बी सोडवले तू. उपकार हायेत तुहे. लय उपकार हायेत." मग रडले, अगदी मोकळेपणानं, लहान पोरासारखे. नसीमबानोनं रडू दिलं, मग टरबुजाची फोड हातात दिली.

चाकाची टोपी अकोल्याला आली. पलंगासमोरच्या खिळ्यावर टांगली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम उठले, पाय पलंगाखाली सोडले आणि नेहमीसारखे अडले. आणि खिळ्याकडून आवाज आला. टक, टक, टक, टक... टक. पाय उचलला. "शुक्रिया, जहीर," ते पुटपुटले. तेव्हापासून रोज हाच परिपाठ. सून म्हणाली, बाबांना नवीन गोळी लागू पडली. त्यांनी तिला तसंच वाटू दिलं.

पण बायकोपासून किती दिवस लपवणार? पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी दुर्गाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. शालिकरामांनी त्यांना सगळं सांगितलं. काविळीचं, गल्लीच्या तोंडाचं, गॅरेजमधल्या पाच ठोक्यांचं. त्या खुळ्यात काढतील अशी शालिकरामांना भीती होती. दुर्गाबाईंनी तांदळातून नजर काढली नाही.

"पाच?" त्या म्हणाल्या.

"हो. पाच."

"मले सहा आयकू आले."

शालिकरामांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्या दिवशी," दुर्गाबाई सांगू लागल्या, "मी भिंतीले टेकून बसली होती. पाठीमागून भिंतीतून आवाज आला. मले वाटलं तुमीच काठीनं ठोकून राहिले. पाच झाले. मंग सहावा झाला... अन् माह्ये पाय आपोआप उचलले. मी उठली नाही हो. कोनीतरी उठवलं मले."

शालिकरामांना जहीरचे शब्द आठवले. कोनाले मागं ठेवून गानं सुरू करू का बे? तो बोलला होता तसंच वागला होता. सोळा वर्षांच्या पोरानं, कधी न पाहिलेल्या त्यांच्या बायकोसाठी एक जास्तीचा ठोका ठेवला होता. त्यांनी समोरच्या टोपीला हात जोडले. आपल्यासारखा भाग्यवान माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, असं त्यांना वाटलं.

"पन एक सांगू का?" दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज सकायी बी सहाच वाजतात. तुमचे पाय अडतात, त्याचे पाच, ठीक हाय. मी तं चांगली हिंडते-फिरते. मंग सहावा कोनासाठी?"

शालिकरामांनी टोपीकडे पाहिलं.

दुर्गाबाईंनी ताट उचललं. चुलीवर आधण ठेवलं होतं, त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी गेल्या आणि थांबल्या. ताट हातात, पाठ शालिकरामांकडे. आत पाण्याला उकळी फुटल्याचा आवाज येत होता.

"काय झालं वं? काहून थांबली?"

"काही नाही," त्या मागे न बघता म्हणाल्या. "ठोका व्हायचा हाये अजून..."