रोहण्याची बंदूक आणि दुकानातली डाळ

रूपरावांची परवान्याची बंदूक कपाटातून गायब झाली होती, आणि कुलूप मात्र जागच्या जागी होतं. सोमवारी ती ठाण्यात तपासणीला न्यायची होती. नाही नेली तर परवाना तर जाणारच, वर गुन्हा.

म्हणून त्यांनी पुलगावहून खासगी तपास करणाऱ्या वर्षालीला आपल्या गावी, रोहण्याला बोलावलं. सोबत तिचा मामेभाऊ धर्मेंद्र आला. धंदा कापडाचा, हौस तपासाची, आणि लक्ष अर्धं जेवणाकडे.

"किल्ली कुठं राह्यते, काका?"

"माह्या करदोड्याले. दसऱ्याले बंदुकीची पूजा झाली, मले सोनं वाटाले जायचं होतं. माह्या बायकोनं, मनकर्णानं कपाट लावून किल्ली वापस देली. काल उघडलं, तं बंदूक नाई."

शेजारच्या किसनरावांना परवाना नाकारलेला. धर्मेंद्रनं मनातल्या मनात त्यांनाच चोर ठरवून टाकलं.

"माह्यं सोयाबीन डुकरं खाऊन राह्यले, खरं हाय," किसनराव चिडले. "पण चोरीची बंदूक वाजवली का गाव गोळा होते. उलट मीच या लोकायचं सामान सांभाळतो. फवारणीचं औषध मनकर्णावहिनीनं माह्याच घरी आणून ठेवलं."

रूपरावांचा मुलगा आदेश ओसरीवर बसला होता. साखरपुडा मोडल्यापासून तो धड बोलतच नव्हता.

"दसऱ्यानंतर कपाटापाशी गेलता?" वर्षालीनं विचारलं.

"गेलतो. कुलूप होतं."

"काऊन गेलता?"

आदेश उठून आत गेला.

मनकर्णाबाईंनी पाहुण्यांना जेवायला थांबवलं. वरणासाठी दुकानातून डाळ आली. धर्मेंद्रनं ते ओरपलं आणि सहज विचारलं, "घरची डाळ संपली का, काकू?"

"कोठी भरलेली हाय. उघडली नाई अजून."

कोपऱ्यातल्या मातीच्या कोठीचं तोंड नुकतंच लिंपलेलं दिसत होतं. जेवण झाल्यावर वर्षालीनं आदेशला किसनरावांसोबत शेत पाहायला पाठवलं आणि रूपरावांसमोर बसली.

"काका, कुलूप कोणी तोडलं नाई, कारण बंदूक कपाटात गेलीच नाई. किल्ली एकदाच दुसऱ्या हाती होती, दसऱ्याले. घरची कोठी भरलेली, अन् डाळ दुकानातली. जहाल औषध शेजाऱ्याकडं. घरातून काय काय दूर केलं, ते एकत्र पाहा. हे चोराचं काम नाई, आईचं हाय."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोळ्यापासून दोनदा आदेशले कपाटापाशी उभं पाह्यलं. तुमाले सांगतलं असतं, तं म्हटलं असतं, किल्ली माह्याजवळ हाय ना. अन् तुमी दुपारी घोरत पडता."

"सगळेच परवाने बंद कराले पाह्यजे," धर्मेंद्र म्हणाला.

"अन् डुकरं?" रूपरावांनी विचारलं.

"परवाना देताना सातबारा पाह्यतात, शेत पाह्यतात," वर्षाली म्हणाली. "घरातल्या माणसाचं मन कसं हाय, कोणी विचारत नाई. तेवढं विचारलं, अन् वाईट दिवसांत बंदूक ठाण्यात ठेवाची मुभा देली, तं पुष्कळ जीव वाचतीन. डुकरायचा बंदोबस्त नंतरही होते."

मनकर्णाबाईंनी कोठीचं लिंपण फोडलं. डाळीतून बंदूक काढून रूपरावांनी मांडीवर घेतली. "सोमवारी तिथंच जमा करतो. खाऊ दे डुकरायले काय खातीन ते. उद्या वर्ध्याले डॉक्टरकडं जाऊ, तिघंही."

आदेश शेतातून परतून दारात उभा होता. त्यानं फुटलेली कोठी पाहिली, आईचे मातीनं माखलेले हात पाहिले.

"औषध बी किसनकाकाकडंच राहू दे, माय," तो म्हणाला.