बावन्न मिनिटांचा तास

फाटक ओढून मी कडी घातली, तेव्हा तो माणूस वीस पावलांवर होता. धावत येत होता. पण दुसरी घंटा होऊन गेली होती, आणि आमच्या हायस्कुलाचा नियम असा की दुसऱ्या घंटेनंतर येणाऱ्याने पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं. मग ते सहावीतलं पोर असो, नाहीतर हेडबाई असोत. बाबांच्या वेळी एक हेडमास्तर असे बाहेर उभे राहिलेही होते, हातात डबा घेऊन.

"अहो, उघडा ना. मी नवा मास्तर. इतिहास शिकवायला आलोय."

"इतिहास कुठे पळून जात नाही. उभे राहा."

आठ दिवस झिमझिम लागली होती. धड पडत नव्हती, धड थांबत नव्हती. सगळं गाव ओल्या पोत्यासारखं झालं होतं. मास्तरांच्या केसांवर बारीक थेंब बसले होते आणि चष्मा पुसायला अंगावर कोरडा कपडाच उरला नव्हता.

"किती वेळ उभं राहायचं?"

"पन्नास मिनिटं. दहा प्रार्थनेची, चाळीस तासाची."

"भिजेन की हो."

"विरघळणार तर नाही ना? मग झालं."

वाटलं, आता हा चिडेल, हेडबाईंचं नाव काढेल. तो गजांना धरून हसला. "तुम्ही कोण इथल्या?"

"घंटा देते."

"म्हणजे शाळा तुमचीच."

माझ्या तोंडाला तोंड देणारा माणूस त्या गावात तोवर जन्मला नव्हता. पोरं मागे मला मिरची म्हणायची, आणि मला ते ठाऊक असून आवडायचं.  पण त्या वाक्यावर मी चष्मा पुसायला गजांतून पदराचं टोक पुढे केलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. चौथीनंतर आई गेली, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. बाबांनी एकतीस वर्षं त्या शाळेची घंटा दिली. मग एका सकाळी त्यांचं उजवं अंग गेलं. त्यांच्या जागी मला घेतलं, म्हणून शाळेमागच्या दोन खोल्या आमच्याकडे राहिल्या. बाबा खिडकीशी खाटेवर पडून घंटा ऐकायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना खाटेवरून हलवायचं नाही. बाबाही म्हणायचे, "घंटा ऐकू येते तोवर मी कामावरच आहे."

माझा दिवस सहाला सुरू व्हायचा. कुलपं काढायची, अकरा वर्ग झाडायचे, पाण्याची टाकी भरायची. सात वीसला पहिली घंटा, साडेसातला दुसरी. प्रार्थना, हजेरी, मग चाळीस चाळीस मिनिटांचे चार तास. दहा वीसला मधली सुट्टी, दहा पन्नासला पाचवा तास. दीडला शेवटची घंटा झाली की पोरं सांडलेल्या मोहरीसारखी चहूकडे. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. ऑफिसातलं घड्याळ खिडकीतून दिसायचं, त्यावर नजर ठेवून बाकड्यावर बसायचं. अख्खं गाव त्या घंटेवर चालायचं. न्हावी दुकान उघडायचा, बायका चूल पेटवायच्या. शाळा सुरू झाल्यापासून ती घंटा एकदाही चुकली नव्हती.

शाळेला साठ वर्षं व्हायची होती. हेडबाईंनी नव्या मास्तरांवर दोन कामं टाकली, सगळ्या वर्गांचं वेळापत्रक आखायचं आणि शाळेचा इतिहास लिहायचा. जुने कागद वाळवीने खाल्लेले. कुणीतरी म्हणालं, घंटेवाल्याच्या पोरीला विचारा, तिच्या बापाने तिला सगळं सांगितलेलं आहे.

आणि मास्तर पाचव्या तासाला बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसायला लागले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. हातात तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांचे कागद, ते कोऱ्या बाजूला लिहायचे. डावखुरे होते, त्यामुळे बाहीला नेहमी शाई.

"ही इमारत आधी काय होती?"

"धान्याचं गोदाम. पहिल्या वर्षी एकोणीस पोरं आणि उंदीर किती ते देव जाणे."

"उंदीर लिहू?"

"लिहा की. त्यांचीच हजेरी पूर्ण असायची."

मी सांगत गेले. अकरा वर्षांनी चार मुली आल्या, त्यांना पडद्याआड बसवलं, आणि वर्षअखेर पहिले चारही नंबर पडद्याआडून आले. तापाची साथ आली तेव्हा वर्गांत खाटा लागल्या, शाळा झाडाखाली गेली. बाबांनी तरी घंटा थांबवली नाही. आजारी माणसं त्या घंटेवर औषध घ्यायची. दर तासाला एखादी खाट रिकामी व्हायची, तरी बाबांचा हात चुकला नाही.

मास्तर लिहायचं थांबले. "तुम्ही सांगता तेव्हा ना... वाटतं, मीच तिथे उभा होतो."

"उभं राहायची सवय आहेच तुम्हाला."

खालमानेने हसायचे ते. मला ते हसू पाहायची चटक लागली. चांगल्या घरच्या पोरींनो, चटक हा शब्द वाचून नाकं मुरडू नका. तुम्हालाही लागेल, तेव्हा सांगा.

दोन महिने असे गेले. आभाळ काही उघडेना, भिंतींना ओल चढली, बाबांचा खोकला वाढला. दिवसभरात उजेडाची म्हणून चाळीस मिनिटं होती तेवढीच.

तपासनीस यायचा होता त्या दिवशी सगळी शाळा ताठ उभी होती. मला वाटलं, आज मास्तर येणार नाहीत. ते आले. हातात कागदांची जुडी.

"लिहून झालंय. ऐकता?"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या हेडमास्तरांवर चार ओळी, जमीन देणाऱ्यावर सहा ओळी. मग बाबा आले. बाबांवर पूर्ण तीन पानं होती. तापाची साथ, एकतीस वर्षं, रुळाचा तुकडा... माझ्या बापाचं कुणी कधी काही लिहिलं नव्हतं. पगाराच्या कागदावर त्यांचा अंगठा तेवढा असायचा. मी मांडीवरची हातोडी पदराने पुसत फणकारले, "एवढं कशाला? शिपाईच ते."

"मग मी पाचवा तास कशाला मोकळा ठेवतो सांगा?"

"मला काय विचारता?"

"वेळापत्रक मी आखतो ना. सहाही दिवस पाचवा तास माझा रिकामा आहे. इतिहास तर महिन्यातच लिहून झाला होता. बाकीचं... बाकीचं नुसतं बसायला यायचो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. बाहीवरची शाई, ओला चष्मा, आणि त्यामागे माझ्या उत्तराची वाट पाहणारे डोळे. ते अजून काही बोलत होते, मी ऐकत होते. आजही विचाराल तर शब्द न् शब्द सांगेन, पण सांगणार नाही. तेवढं माझं राहू द्या.

"घंटा कुठे आहे या शाळेची?"

तपासनीस ऑफिसाच्या दारात उभा होता, मनगटावरचं घड्याळ वर धरून. मी खिडकीकडे पाहिलं. अकरा बेचाळीस. पाचवा तास बावन्न मिनिटं चालला होता. साठ वर्षांत पहिल्यांदा.

हातोडी माझ्या हातातून सुटली. तोंड उघडणार तोच मास्तर उठून पुढे झाले. "माझी चूक, साहेब. वेळापत्रक मी आखतो. तास वाढवून बघावा म्हणून यांना मीच सांगितलं होतं."

"परवानगी कुणाची?"

"कुणाची नाही."

तपासनीसाने वहीत लिहिलं. हेडबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. दहाव्या दिवशी कागद आला. मास्तरांची बदली, घाटावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत, तीन वर्षांसाठी.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आजवर माझ्या वाटणीचं ओझं कुणी उचललेलं मला खपलं नव्हतं. ते पाचव्या तासाला येऊन बसायचे, मी घड्याळाकडे पाठीचा कणा ताठ करून बघायची.

"रागावलात?"

"कामावर आहे."

"मिरची लागली की पाणी तरी देतात."

मी वळले नाही. वळले असते तर रडले असते, आणि ते व्हरांड्यात शोभलं नसतं.

शनिवारी शेवटच्या घंटेनंतर शिक्षकांच्या खोलीत निरोपाचा चहा होता. मी चिवड्याच्या बशांचा ट्रे घेऊन दारातून आत आले तेव्हा हेडबाई बोलत होत्या. "मास्तर माणूस चांगला, पण बेजबाबदार. साठ वर्षांची शिस्त एका दिवसात घालवली. यांच्या हातचा इतिहास आता छापायचा की नाही, तेही बघावं लागेल."

मास्तर मान खाली घालून बशीतला चहा बघत होते. बाबांची तीन पानंही त्यांच्याबरोबर बुडत होती.

मी ट्रे टेबलावर ठेवला. "घंटा मी चुकवली, बाई."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मीच बोलणार. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. घड्याळ माझ्या समोर होतं, मी बघितलं नाही."

"का नाही बघितलंस?"

बारा माणसं बसली होती. गणिताच्या बाईंनी ओठावर नेलेला कप तसाच धरला होता. माझ्या नाकावर कधी माशी बसली नव्हती, आणि आता स्वतःच्या हाताने नाक कापून ताटात ठेवायचं होतं.

"मास्तर बोलत होते," मी म्हणाले, "आणि मला त्यांना थांबवायचं नव्हतं. कधीच."

ड्रिलचे मास्तर खोकले.  हेडबाई एरवीपेक्षा हळू बोलल्या. "बदलीचा हुकूम वरचा आहे, तो मला फिरवता येणार नाही. इतिहास छापू. पण सोमवारपासून घंटा ड्रिल मास्तर देतील. तू झाडलोट कर."

मास्तर माझ्यामागे व्हरांड्यात आले. झिमझिम तशीच होती.

"हे आधी मला सांगायचं होतं. मग त्या अकरा जणांना."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"आता विचारतो. याल माझ्याबरोबर?"

"बाबांना कुठे ठेवू?"

"त्यांनाही नेऊ."

"खाटेवरून हलले तर वाटेतच जातील. डॉक्टरांना विचारा."

ते कठड्याला टेकले. "मग मी नोकरी सोडतो. इथेच काहीतरी बघतो."

"अजिबात नाही. माझ्यापायी बदली झाली तेवढी पुरे. नोकरी टाकून दारात बसलात, तर रोज सकाळी तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला व्हायची नाही."

"एवढी कठोर नका होऊ..."

"होते. नाहीतर आत्ता तुमच्यामागे चालायला लागेन."

त्यांनी माझा हात धरला. शाईचा हात, गार पडलेला. मी सोडवून घेतला नाही. दोघांनाही निघायचं सुचेना. शेवटी मीच म्हणाले, "जा आता. घाटात पाय जपून टाका." रविवारी सकाळच्या गाडीने ते गेले. मी पोचवायला गेले नाही.

सोमवारी पहिली घंटा झाली आणि बाबांनी खाटेवरून मान वळवली. "कुणी दिली?"

"ड्रिल मास्तरांनी."

"तरीच. हात कच्चा आहे. तुझं काय झालं?"

गावात झालेली गोष्ट घरात शिरायला किती वेळ लागतो? मी सगळं सांगितलं. चुकलेली घंटा, चहाची खोली, मी काय बोलले ते. बाबा शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला.

"मग गेली का नाहीस त्याच्याबरोबर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खोकून खोकून त्यांच्या गळ्याच्या शिरा दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. खरं सांगितलं असतं, तर आपणच आड आलो म्हणून बाबांनी त्या दिवसापासून अन्न सोडलं असतं.

"त्यांनी विचारलंच नाही," मी म्हणाले.

बाबांचा हात माझ्या डोक्यावरून खाली आला. "विचारलं नाही? माझी पोर चारचौघांत एवढं बोलली, आणि तो तसाच गेला? भेकड मेला. बरं झालं गेला ते. असल्या माणसाचं नावसुद्धा घेऊ नकोस या घरात."

"नाही घेणार," मी म्हणाले, आणि अकरा वर्ग झाडायला गेले.