आठवं ताट

मळवली स्टेशनावरून भाजे लेण्यांच्या वाटेला लागलं, की भातखाचरांच्या कडेला एक पिवळा बंगला दिसतो. मालक दुबईला, राखणीला लीलाबाई. नवरा गेला त्या वर्षी बाईंनी एक नेम धरला होता: रोज एका तरी माणसाला जेवू घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. सिलिंडरवाला, मीटर बघणारा, लेण्यांची वाट चुकलेली पोरं, कुणीही चालायचं. पण आडवारी तिकडं कोण फिरकतंय? मग बाई चहावर दिवस काढायच्या आणि दिवा लावताना म्हणायच्या, "उद्या तरी धाड रे बाबा कुणाला."

कार्तिकात भात कापणीला आलं आणि देवानं एकदम सात जण धाडले. पुण्याची पोरं, स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करायला निघालेली.

"भुताचा पिच्चर हाय म्हनं?" लीलाबाईंनी दिग्दर्शक अमृतला विचारलं.

"भुताचा आणि प्रेमाचा, मावशी. एक एकटी बाई असते. नसलेल्या माणसावर जीव लावते. रोज त्याचं ताट वाढते."

"मंग त्यात भ्यायाचं काय?"

सगळे खो खो हसले. बंगल्याला लगीनघराची कळा आली. कठड्यावर ओले टॉवेल, ओट्यावर कपांची रांग, आणि दुपारी लीलाबाईंच्या हातची भाकरी खायला पंगत. हिरोईन चैताली ठेच्यानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ओरडायची, "मावशी, सिनेमा संपायच्या आत मारता का मला?" बाई तिला आणखी एक भाकरी वाढायच्या. रोज भरल्या घरात जेवायचं सुख त्या किती वर्षांनी भोगत होत्या!

तिसऱ्या दिवशी ताटाचा प्रसंग होता. "खोटं ताट माझ्या हातनं वाढलं जायाचं न्हाई," म्हणून बाईंनी खरं जेवण दिलं. इंद्रायणीचा भात, आमटी, भोपळ्याची भाजी. ताटाभोवती पाणी कसं फिरवायचं, तेही चैतालीला समोर बसवून शिकवलं. पोरीनं समोरून बघून आरशातल्यासारखं उचललं. कॅमेरा सुरू झाला, रिकाम्या खुर्चीपुढं तिनं ताट ठेवलं आणि पाणी फिरवलं. मेजावर ओलं कडं उमटलं. त्याचं शेपूट डावीकडं वळलेलं.

"अगं बया, उलटं फिरवलंस! तसं गेलेल्या मानसाला फिरवत्यात."

"मावशी, शॉट भारी झालाय," अमृत म्हणाला. "राहू द्या."

सगळे चहाला व्हरांड्यात गेले. परत आले तर ताट लख्ख. शीतसुद्धा नाही. एका कडेला मीठ तेवढं उरलेलं.

"पप्प्या! सेटवरचं खाल्लंस?" अमृत ओरडला.

"आईशप्पथ नाही! तुझ्याशेजारीच चहा पीत होतो ना!" कॅमेरावाला पप्पू कळवळून म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

त्या दिवसापासून लीलाबाई स्वतः जेवायच्या आधी भांडी घासत, तेव्हा खरकटी ताटं आठ निघायची. जेवणारे सात. आठव्यात रोज मीठ उरलेलं. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. उगाच पोरं भ्यायची. आणि खरं सांगायचं तर, जेवलेलं ताट बघून त्यांना कधी भीती वाटलीच नाही.

दहाव्या दिवशी गाड्या भरल्या. चैताली गळ्यात पडली. "मावशी, उद्यापासून कोण जेवणार? पुण्याला चला ना."

"बंगला कोन बघनार, बाय? जा सुखानं."

"येतो, मावशी!" सगळे ओरडले. धुरळा खाली बसला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत बाई फाटकाशी उभ्या होत्या. खाचरात कापणारी माणसं लांब, आपापल्या भाकरी घेऊन आलेली. वाटेवर कुणी नाही.

बाई आत आल्या. बघतात तर सवयीनं आपणच भात दोघांचा शिजवलेला.

त्यांनी एक ताट वाढलं. मीठ, चटणी, भाजी, भात. सिनेमातल्या त्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. तांब्या उचलला आणि हात थांबला. सरळ फिरवायचं त्यांना माहीत होतं. जन्मभर तसंच फिरवलं होतं.

त्यांनी उलटं फिरवलं.

"या," त्या हळूच म्हणाल्या. "बसा."

आणि तूप आणायला आत गेल्या.

मागं खुर्ची सरकली.

बाई वळल्या नाहीत. जेवणाऱ्याकडं बघत उभं राहू नये. शेगडीवर तूप पातळ होत होतं तसं त्यांचं मन भरून येत होतं. नेम पाळला गेला होता.

बाहेर आल्या, तर ताट लख्ख.

आणि समोर, त्यांच्या जागी, दुसरं ताट. वाढलेलं. भातावर वाफ.

इतक्या वर्षांत त्यांना कुणी पान वाढलं नव्हतं. लीलाबाईंचे डोळे भरले. "कशाला तरास घेतला," त्या म्हणाल्या आणि लाजून खुर्ची ओढली. मीठ तेवढं वाढायचं राहिलं होतं. पुरुषमाणूस, विसरला असेल.

त्यांनी हसत पहिला घास घेतला.

ताटाभोवती पाण्याचं ओलं कडं होतं. त्याचं शेपूट डावीकडं वळलेलं.