हाताचा जोडा, बोटाची टोपी

त्या सकाळी मनकर्णेच्या हातात पाटलीणबाईंचा हात होता, आणि तो हात काही केल्या ऐकत नव्हता. काकण अंगठ्याच्या हाडाशी अडलं की पाटलीणबाई श्वास रोखायच्या, श्वास रोखला की हात ताठ व्हायचा, आणि हात ताठ झाला की… टक्कन तुकडा. भरताना फुटलेलं काकण कासाराच्या नावावर जातं, त्यामुळे मनकर्णा तोंडाने गोड बोलत होती आणि मनातून चांगलीच वैतागली होती. बाहेर भादव्याची भुरभुर चालू होती. महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या, आणि चिखलीच्या बाजारात तिच्या वडिलांच्या, किसनराव कासाराच्या ओट्यावर बायकांची ही गर्दी.

तेवढ्यात ओट्याच्या पत्र्याखाली एक तरुण शिरला. टोपी भिजलेली, काखेत चपटी पेटी, आणि स्वतःचा कोट काढून त्या पेटीवर पांघरलेला. त्याने घसा खाकरला आणि जर्मन माल पाहायचा का, असं विचारलं.

"जर्मनची भांडी अठी नाई भेटत," मान वर न करता मनकर्णा म्हणाली. "समोरच्या दुकानात पाहा."

यात तिचं काही चुकलं नव्हतं. त्या काळी चिखलीतच काय, साऱ्या वऱ्हाडात जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पांढरं पातेलं, म्हणजेच गंज. दूध चटकन उतू घालवणारा आणि भात हमखास करपवणारा. जर्मन नावाची माणसं असतात, ती बोलतात, भांडतात, प्रेमातही पडतात, याच्याशी इथे कोणाला काय घेणं होतं? तरुण हसला. मोठ्याने नाही, पण असं की मनकर्णेला मान वर करावीच लागली. पाटलीणबाईही त्याच्याकडे बघायला लागल्या, श्वास रोखायचं विसरल्या, आणि काकण सर्रकन मनगटावर उतरलं.

त्याचं नाव उत्तम. मूळचा धामणगाव बढ्याचा, तोही कासाराचाच मुलगा. वडील गेल्यावर दुकान बसलं आणि तो मुंबईला काचसामानाच्या एका पेढीत चिकटला. पेढीचा साहेब जर्मन. परदेशातून आलेली खोकी फोडता फोडता उत्तमने त्यांच्यावरची अक्षरं विचारून घेतली, मग शब्द, मग वाक्यं. आता पेढीने त्याला काकणांच्या नमुन्याची पेटी देऊन गावोगाव पाठवलं होतं. हे सगळं त्याने किसनरावांना सांगितलं, पण डोळे सारखे उजवीकडे वळत होते, जिथे मनकर्णा बसली होती.

पेटी उघडण्याआधी त्याने खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि हातांवर चढवले. मनकर्णेला हसू आवरेना. पुरुषासारखा पुरुष, आणि काकणांना हात लावायला कापडात गुंडाळलेली बोटं! हे काय नवीन, असं तिने विचारलं.

"याले जर्मनमध्ये हांटशू म्हणतात," तो म्हणाला. "हांट म्हणजे हात, शू म्हणजे जोडा. हाताचा जोडा."

"म्हंजे ते लोक हातानं चालतात का?"

"चालत असतीन. बोटात टोपी तं घालतातच." शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्या अंगुस्तानाला तिकडे फिंगरहूट म्हणतात, बोटाची टोपी, असं त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मनकर्णा हसली ती इतकी की पाटलीणबाईंनी तिला कोपर मारलं.

किसनरावांना माल आवडला, भाव आवडला नाही. उद्या या म्हणाले. उत्तमला मेहकरच्या मोटारीत बसायचं होतं, ते राहिलं. त्याने धर्मशाळेत वळकटी टाकली आणि दुसऱ्या दिवशी भाव ठरवायला आला. तिसऱ्या दिवशीही आला. भाव काही ठरत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो ठरू नये म्हणून दोन माणसं मनापासून झटत होती.

रोज एक शब्द. कासव म्हणजे ढालवाला बेडूक. नळाची तोटी म्हणजे पाण्याचा कोंबडा. विजेचा दिवा मनकर्णेने अजून पाहिलाच नव्हता, पण तो म्हणजे पेटलेलं नासपती, हे ऐकल्यावर तिला तो पाहिल्यासारखा वाटला. रात्री भाकरी थापतानाही तिला आपलं आपणच हसू फुटायचं. आई, सोजराबाई, चुलीआडून तिच्याकडे बघत राहायची.

एकदा तिने विचारलं, की मग आमच्या काकणाला काय म्हणतात ते सांगा. तो जरा थांबला. आर्मराईफ, म्हणाला. हातातलं कडं. पण नुसतं राईफ म्हटलं तर त्याचा अर्थ पहाटे गवतावर गोठलेलं दंवसुद्धा होतो… आणि फळाबद्दल म्हटलं तर पिकलेलंसुद्धा.

"मंग मी काय भरून राह्यली बायकाईच्या हातात? कडं, का दंव, का आंबा?"

"तुमी भरून राह्यल्या तं तिन्ही," तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

मनकर्णेने घाईघाईने समोरच्या काकणांचा गठ्ठा सोडला आणि पुन्हा बांधला. तिला वाटलं, आपला तोल गेला तर ओट्यावरची सगळी काच खाली येईल. बरं, एवढ्यावर गप्प बसेल तर तो उत्तम कसला? तिकडे शहामृगाला श्ट्राउस म्हणतात आणि फुलांच्या गुच्छालाही श्ट्राउसच, असं त्याने आणखी सांगून टाकलं.

"आन पोरानं पोरीले श्ट्राउस देतो म्हटलं तं?" तिने खाली बघतच विचारलं.

"तं पोरीनं आधी दाराची उंची पाहून घ्यावी."

असं सगळं गोडीगुलाबीत चाललं असताना खामगावहून आत्याबाई आल्या. सत्यभामाबाई म्हणजे किसनरावांची थोरली बहीण; त्या येताना कधी रिकाम्या हाताने यायच्या नाहीत, आणि या खेपेला त्यांनी स्थळ आणलं होतं. खामगावचा अर्जुनराव. पक्कं दुकान, घरची शेती, आणि हात इतका हलका की तो काकणं भरतो तेव्हा बाईला कळतही नाही म्हणे. पंचमीला त्याच्याकडे रांग लागते. किसनराव खूश झाले. परवाच बोलवा, म्हणाले.

आता किसनरावांच्या घरात एक रीत होती, त्यांच्या सासरीही तीच. मुलगी पाहायला आलेल्या मुलाने चार माणसांसमोर तिच्या हातात चुडा भरायचा. एकही काकण न फुटता भरला तर साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायची. फुटलं तर गुळाचा चहा घेऊन आल्या वाटेने जायचं. कासाराची पोर कासारालाच द्यायची, तर त्याचा हात पाहूनच द्यायची, असा साधा हिशेब. मुलीला काय वाटतं, हे विचारायची रीत मात्र नव्हती. तिने हात पुढे करायचा, झालं.

मनकर्णेला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उत्तम आला तसं तिने, गिऱ्हाईक नाही असं पाहून, एका दमात सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो ताडकन उठला, पलीकडे पितळेच्या भांड्यांच्या बाजूला बसलेल्या किसनरावांसमोर जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, की मलाही उद्या बसू द्या.

किसनरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटचं काकण कधी भरलं होतं, एवढंच विचारलं. उत्तमने खोटं सांगितलं नाही. वडील होते तेव्हा… म्हणजे वर्षं झाली. आता मी विकतो, भरत नाही.

"या मंग," किसनराव म्हणाले. "रीत सगळ्याइले सारखी. पयला मान अर्जुनरावचा."

ते काही दयेने बोलले नव्हते. मुंबईची हवा लागलेल्या या पोराची चार माणसांत जिरली की तो आपणहून मोटारीत बसेल, असा त्यांचा अंदाज होता. उत्तमलाही तसंच वाटलं असावं. जाताना त्याने मनकर्णेकडे एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशीचा शब्द न सांगताच पेटी उचलली.

ठरल्या दिवशी ओसरीवर सतरंजी पडली, पाटलीणबाईही येऊन बसल्या. अर्जुनराव आला, उंच, नीटनेटका, बोलायला मऊ. मनकर्णेला तो वाईट वाटावा अशी फार इच्छा होती, पण तो वाईट नव्हताच. त्याने अंगठा आत दाबून तिचा हात धरला तो खरंच हलका. पहिलं हिरवं काकण बोटांवरून वर सरकलं, हाडाशी आलं, आणि तुटलं.

अर्जुनरावाने भुवई उंचावली. दुसरं घेतलं. तेही गेलं. आत्याबाई चुळबुळ करू लागल्या. काचच खराब असेल, असं पुटपुटल्या. तिसऱ्या काकणाला मात्र अर्जुनराव हाडाशी थांबला. त्याने मान वर करून मनकर्णेच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिने नजर खाली केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एवढ्या माणसांसमोर परक्या पुरुषाच्या नजरेला नजर दिली होती. त्याने ते काकण हलकेच मागे काढलं, न फोडता, आणि सतरंजीवर ठेवलं.

"काका, आज माहा हात बसून नाई राह्यला," तो म्हणाला. "फुटल्या काकणाचे पैसे माह्याकडं." आणि तो सरळ बाजूला होऊन बसला.

आता उत्तमची पाळी. खामगावच्या नावाजलेल्या हाताने दोन फोडली, मग आपलं काय होणार, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं. त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. मग मनकर्णेचा हात धरला.

त्याने डोळे मिटूनच पहिलं काकण सरकवलं असावं. ते गेलं. त्याने डोळे उघडले. दुसरं गेलं, तिसरं गेलं. अंगठ्याचं हाड जणू तिथे नव्हतंच. उजवा हात भरला, डावा भरला, आणि सतरंजीवर काचेचा एक कणसुद्धा पडला नाही. उत्तम स्वतःच्या हातांकडे असा बघत होता, जणू ते कोणीतरी त्याला आत्ताच आणून दिलेत.

आत्याबाई म्हणाल्या, की हे काही खरं नाही. किसनराव पुढे सरकले. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिला. सारा जन्म त्यांनी बायकांचे हात दाबण्यात घालवला होता. लाजणारे, घाबरणारे, हट्टी हात… आवळलेला हात कोणता आणि सोडलेला कोणता, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"मनकर्णे, त्याच्या वक्ताले हात आवळला होता तू."

आता मागे फिरण्यात काही अर्थ नव्हता.

"हाव," ती म्हणाली. "आवळला होता."

किसनरावांचा चेहरा तांबडा झाला. आपल्या घरात असं कधी झालं नाही, असं ते मोठ्या आवाजात म्हणाले. सासरच्या ओसरीवर आपण स्वतः असेच बसलो होतो, एक काकण फुटू दिलं नव्हतं, सासऱ्याने पाठ थोपटली होती. ते हाताचं कसब होतं, असले पोरखेळ नव्हते! त्यांनी साक्षीला बायकोकडे पाहिलं.

सोजराबाईंनी पदर सावरला. लग्न झाल्यापासून त्या चार माणसांत नवऱ्यापुढे बोलल्या नव्हत्या.

"तुमाले तं घाम फुटला होता," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटलं, सोडला नाई हात तं हे बिचारे रडतीन."

किसनराव बायकोकडे पाहतच राहिले. ज्या कसबाच्या गोष्टी ते गावभर सांगत आले होते, ते कसब समोर पदराआड उभं होतं आणि गालात हसत होतं. अर्जुनराव पहिल्यांदा हसला. मग पाटलीणबाई. मग किसनरावांनी उपरण्याने तोंड पुसलं, पुसता पुसता डोळेही पुसले, आणि आत हाक मारली, की चहा नको… साखर आणा. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं धरलं गेलं.

संध्याकाळी मोटारीची वेळ झाली तेव्हा मनकर्णा ओट्याच्या टोकाशी उभी होती. भुरभुर थांबली होती. ती हातातली काकणं उगाच मागेपुढे करत होती.

"तुमाले काय वाटलं? तुमच्या हातानं भरलं?" तिने विचारलं.

"वाटलं होतं," उत्तम म्हणाला. "थोडा वेळ." मग त्याने आवाज खाली आणला. "तिकडं लग्नाले पोरीनं होकार देला, तं त्याले यावोर्ट म्हणतात. हो-शब्द. ते लोक म्हणतात, तिनं त्याले हो-शब्द देला."

"अठी शब्द कुठं लागते? देला ना मी. चार माणसाइसमोर."

"थो हाताचा होता, मनकर्णा," तो म्हणाला. तिचं नुसतं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. "मले थो शब्द… एकडाव आयकू दे."

मोटारीने भोंगा वाजवला. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. मनकर्णेने मागे वळून पाहिलं. बाबा दिवा पुसत होते, आई त्यांच्याशी काही बोलत होती, आणि दोघांचंही इकडे लक्ष नव्हतं, किंवा नाही असं ते दाखवत होते. ती एक पायरी खाली उतरली, त्याच्या कानाशी वाकली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"हाव."